घोडा कुठून येणार आहे?

आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तरडगावाजवळ, चांदोबाच्या लिंबापाशी होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगा धरून उभे राहतात, मधली वाट मोकळी होते आणि त्या वाटेवरून दोन अश्व दौडत येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणीच नसतं, तो माउलींचा. पुढे पुरंदावड्याला गोल रिंगण लागतं. मैदानात मधोमध पालखी, भोवती दिंड्या, आणि राखून ठेवलेल्या वर्तुळाकार वाटेवर तेच दोन अश्व फेऱ्या घेतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दरवर्षी हे अश्व वारीला येतात. भाविकाला दोन्ही रिंगणांत एकच सोहळा दिसतो. छायाचित्रकारापुढे मात्र दोन अगदी वेगळी कामं असतात. उभ्या रिंगणात घोडा सरळ अंगावर येतो. गोल रिंगणात तो आधी आडवा जातो, मग वळतो, तिरका जवळ येतो आणि पाठ दाखवून निघून जातो. एकाच घोड्यासाठी, एकाच कॅमेऱ्यावर, फोकसची मांडणी दोन्ही ठिकाणी वेगळी करावी लागते.

हलत्या गोष्टीसाठी कोणता फोकस मोड लावायचा, हा प्रश्न नवा कॅमेरा घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एका शब्दात उत्तर द्यायचं तर ‘कंटिन्युअस’, आणि ते बरोबरही आहे. पण तेवढ्याने काम अर्धंच होतं. घोडा कुठून येणार, त्याच्या आणि आपल्या मध्ये काय काय येणार, त्याच्या मागे काय आहे, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं, किंवा थोडं आधी पोहोचून डोळे उघडे ठेवले तर ठाऊक होऊ शकतं. आपल्याकडची ही माहिती कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठीच हे सगळे मोड केलेले आहेत. मेन्यू पाठ असलेले आणि तरीही फोटो सॉफ्ट येणारे अनेक जण मला भेटतात. बहुतेकांनी मोड निवडलेला असतो, पण समोरची हालचाल वाचलेली नसते.

आधी हिशेब पाहू, कारण अडचण किती मोठी आहे ते आकड्यांतच नीट कळतं. घोडा ताशी ४० किलोमीटर वेगाने येतोय असं धरू. म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. फुल फ्रेम कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ २.८ आणि घोडा १० मीटरवर. या मांडणीत स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जेमतेम ४० सेंटिमीटर भरते. डीएसएलआरमध्ये बटण पुरतं दाबल्यावर आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग सहज निघून जातो. तेवढ्यात घोडा अर्ध्या मीटरहून जास्त पुढे आलेला असतो. डोळ्यावर बसवलेला फोकस प्रत्यक्ष फोटोत मानेवर नाहीतर खांद्याजवळ सापडतो आणि डोळा धूसर येतो. आपण फोकस नीटच लावला होता, कॅमेऱ्यानेही तो नीटच धरला होता. फक्त तो जिथे धरला होता तिथे घोडा राहिला नव्हता.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. घोडा एकाच वेगाने येत असला तरी लेन्समधल्या काचांना एकाच वेगाने सरकून चालत नाही. घोडा ४० मीटरवर असताना काचांना जो वेग पुरतो, त्याच्या चौपट २० मीटरवर लागतो आणि १० मीटरवर सोळापट. अंतर निम्मं झालं की काम चौपट होतं. म्हणून लांबून येणारी पहिली आठ-दहा चित्रं लख्ख येतात आणि घोडा चौकट भरून टाकतो नेमक्या त्या क्षणी फोकस सुटतो. कॅमेरा बिघडला असं वाटतं, पण त्या जागी बहुतेक लेन्सची मोटार तिच्या ताकदीच्या टोकाला पोहोचलेली असते. यावर मोड बदलून उपाय होत नाही. दोन पावलं मागे उभं राहून, थोडी रुंद चौकट घेऊन होतो.

आडव्या धावेचं गणित वेगळं असतं. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने लेलंड स्टॅनफर्डच्या सॅली गार्डनर या घोडीची चित्रं घेतली. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा प्रश्न होता. सुटतात, हे त्या चित्रांनी दाखवलं. धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने, एकमेकांपासून २७ इंचांवर मांडलेले होते आणि घोडीच्या पायांनी आडवे दोरे तुटले की शटर उघडत होती. हा प्रयोग शटरच्या वेगासाठी प्रसिद्ध आहे. त्यात फोकसचा प्रश्न कसा सोडवला होता याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. घोडी कॅमेऱ्यांसमोरून आडवी पळत होती, म्हणजे तिचं अंतर जवळजवळ बदलतच नव्हतं. फोकस एकदाच लावला होता आणि तो पुरला.

ऑटोफोकस येण्याआधीची वृत्तपत्र छायाचित्रकारांची पिढीही याच मार्गाने जात होती. क्रिकेटमध्ये क्रीजवर किंवा यष्टीवर फोकस लावून ठेवायचा आणि फलंदाज तिथे पोहोचेपर्यंत थांबायचं. धावबाद झाला तर तिथेच होणार. जागा आधी ठरलेली असली की हे तंत्र आजही उत्तम आहे आणि नव्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत ते विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. उभ्या रिंगणात रस्त्यावरची एखादी खूण धरून फोकस लावायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि घोडा त्या खुणेवर येण्याच्या किंचित आधी बटण दाबायला सुरुवात करायची. हाती एकच अचूक चित्र लागेल, पण ते आपण ठरवलेल्या जागेचं असेल.

मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा १९७७ चा, कोनिका सी३५ एएफ. तो खिशातला, साधा कॅमेरा होता. खरी उलथापालथ केली ती १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने. फोकसची मोटार कॅमेऱ्याच्या आतच असलेला हा एसएलआर लोकांनी उचलून धरला. त्यातल्या तंत्रावरून हनीवेलने मिनोल्टावर खटला भरला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी आपला जुना लेन्स माउंटच टाकून दिला आणि ईओएस आणला. आधी घेतलेल्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढेनात, म्हणून गिऱ्हाईक चिडलं. पण आपल्या विषयाला वळण मिळालं ते १९८८ च्या सुमारास. मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ४ या कॅमेऱ्यांत समोरच्या गोष्टीचा वेग मोजून ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधणारी व्यवस्था आली. तोवरचे कॅमेरे गोष्ट कुठे आहे एवढंच पाहत. इथून ते ती कुठे असणार आहे ते पाहू लागले.

हा अंदाज कसा बांधला जातो? लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून आलेला प्रकाश वेगवेगळा धरून त्यांच्या दोन प्रतिमा ताडून पाहिल्या जातात. त्या एकमेकींपासून किती आणि कोणत्या बाजूला सरकल्या आहेत, त्यावरून फोकस पुढे आहे की मागे आणि किती, हे एका मोजणीत समजतं. यालाच फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी पद्धत चित्रातला कॉन्ट्रास्ट वाढतो की घटतो ते पाहत लेन्स पुढे-मागे ढकलण्याची. ती अचूक असते, पण दिशा आधी सांगत नाही, म्हणून धावत्या गोष्टीपुढे चाचपडते. फेज डिटेक्शनच्या लागोपाठ मोजण्या मिळाल्या की त्यांतून वेग निघतो आणि वेगावरून पुढची जागा. रस्ता ओलांडताना लांबून येणाऱ्या एसटीकडे दोनदा पाहून ती आपल्यापाशी कधी पोहोचेल हे आपण जसं ठरवतो, तसंच. पण त्यासाठी दोनदा पाहावं लागतं. कॅमेऱ्यालाही घोड्याकडे पाहायला थोडा अवधी हवा असतो. घोडा समोर आल्यावर झटकन कॅमेरा उचलून बटण दाबलं तर अंदाज बांधायला मोजण्याच हाती नसतात. घोडा लांब असतानाच बटण अर्धं दाबून त्याच्यावर राहिलं पाहिजे आणि चित्रं मात्र तो जवळ आल्यावर घ्यायची.

आता मोडांकडे वळू. निकॉन आणि सोनी ज्याला एएफ-एस म्हणतात तो कॅननचा वन शॉट. बटण अर्धं दाबलं की फोकस एकदा बसतो आणि तिथेच राहतो. देवळाचा कळस, बसलेली आजी, ताटातली पुरणपोळी यांसाठी उत्तम. एएफ-सी म्हणजे कॅननचा सर्व्हो. बटण दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा मोजत राहतो, लेन्स हलवत राहतो. तिसरा एएफ-ए किंवा एआय फोकस. त्यात गोष्ट स्थिर आहे की हलती, हे कॅमेरा ठरवतो. नवख्यांना हा तिसरा मोड सोयीचा वाटतो, पण धावत्या गोष्टीसाठी मी तो कुणालाही सुचवणार नाही. घोडा दौडणार हे आपल्याला आदल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते कॅमेऱ्याने ऐन वेळी ओळखायची वाट कशाला पाहायची?

कंटिन्युअसची एक अडचण खरी आहे. फोकस सतत बदलत असल्यामुळे मधल्या बिंदूवर फोकस धरून चौकट बाजूला सरकवायची जुनी सवय इथे चालत नाही. कॅमेरा लगेच मागच्या झाडावर जातो. यावरचा उपाय म्हणजे फोकसचं काम शटरच्या बटणाकडून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या, अंगठ्याखालच्या एएफ-ऑन बटणाला देणं. अंगठा दाबून धरला तर कंटिन्युअस, अंगठा उचलला तर फोकस जिथे आहे तिथे थांबला. रिंगणाची दौड संपली की वारकरी अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. एका क्षणापूर्वी चौखूर उधळलेलं दृश्य आता वाकलेल्या पाठींचं आणि मातीकडे गेलेल्या हातांचं असतं. अशा वेळी मेन्यूत शिरायला सवड नसते. अंगठा उचलायचा, चौकट जुळवायची आणि चित्र घ्यायचं. ही सवय अंगी बाणायला काही आठवडे जातात. तेवढे द्यावेत.

मोडपेक्षा जास्त चित्रं वाया जातात ती एरिया चुकल्यामुळे. फोकस कधी धरायचा हे मोड सांगतो. चौकटीच्या कोणत्या भागात शोधायचा ते एरिया सांगतो. एकच बिंदू, त्या बिंदूभोवती मदतीचे काही बिंदू, एखादा पट्टा किंवा झोन, आणि पूर्ण चौकट. कंपन्यांची नावं वेगवेगळी आहेत, तत्त्व एकच: क्षेत्र जितकं मोठं, तितकी निवड कॅमेऱ्याच्या हाती. आणि निवड त्याच्या हाती गेली की विषय ओळखणारी यंत्रणा नसलेला कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळचं जे असेल तिकडे ओढला जातो.

उभ्या रिंगणात सगळ्यात जवळ काय असतं? रांगेतल्या वारकऱ्याचा हात, खांद्यावरची पताका, टाळ, कुणाचा तरी उंचावलेला मोबाइल. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा घाटावरही हेच होतं. तिथे बैलांच्या पुढे घोडी पळते आणि आपल्याला बैलांचे डोळे हवे असतात, पण मोठा झोन लावला तर फोकस घोडीवर जाऊन बसतो. खो-खोत उभ्या-आडव्या पळणाऱ्या खेळाडूच्या पुढे ओळीने बसलेले खेळाडू असतात आणि कॅमेरा त्यांच्या पाठी धरतो. अशा प्रत्येक ठिकाणी क्षेत्र लहान हवं. एक बिंदू आणि त्याच्याभोवती चार किंवा आठ बिंदूंची मदत, एवढंच. बिंदू घोड्याच्या तोंडावर, लगाम आणि डोळ्यांच्या मधल्या भागावर ठेवायचा. तिथे कडा असतात, काळं-पांढरं असतं आणि फोकसला पकडायला काहीतरी मिळतं. नुसत्या गुळगुळीत छातीवर ठेवला तर ढगाळ आषाढी उजेडात कॅमेरा हंट करत, म्हणजे फोकस शोधत लेन्स पुढे-मागे हलवत बसतो. एक बिंदू धावत्या घोड्यावर टिकवणं अवघड आहे, हे खरं. पण ती मेहनत आपल्या हाताची असते आणि सरावाने साधते.

गोल रिंगणात उलट करावं लागतं. घोडा समोरच्या बाजूला असतो तेव्हा मध्ये पालखी आणि दिंड्या असतात, तिथून घ्यायचा प्रयत्नच करू नये. तो वळून आपल्या बाजूला आला की पुढची वाट मोकळी असते आणि वेगामुळे त्याला एका बिंदूवर ठेवणं कठीण जातं. इथे झोन मोठा केलेला बरा, कारण जवळची गोष्ट आता घोडाच असतो. कॅमेऱ्याच्या ‘जवळचं आधी’ या स्वभावाने एका रिंगणात घात होतो आणि दुसऱ्यात मदत होते.

मधून पताका आडवी गेली तर? यासाठी कॅमेऱ्यात एक वेगळी व्यवस्था असते आणि अनेकांनी ती कधी उघडूनही पाहिलेली नसते. फोकसच्या जागी अचानक वेगळ्या अंतरावरची गोष्ट आली, तर लगेच तिच्याकडे जायचं की थोडं थांबून जुन्या गोष्टीची वाट पाहायची, हे तिथे सांगता येतं. सोनीत ती एएफ ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी, १ ते ५. निकॉनमध्येही १ ते ५ च आहे, पण मोजणी उलट्या दिशेने जाते, ते आपल्या कॅमेऱ्यात तपासून घ्यावं. कॅननने २०१२ च्या वन डी एक्स आणि फाइव्ह डी मार्क थ्री या कॅमेऱ्यांत याचे सहा तयार संच दिले आणि त्यांना ‘केस’ म्हटलं. केस दोन अडथळ्यांकडे दुर्लक्ष करून आधीच्याच गोष्टीमागे राहते. केस तीन चौकटीत नव्याने शिरलेल्या गोष्टीवर ताबडतोब जाते. केस चार अचानक वेग वाढवणाऱ्या किंवा थांबणाऱ्या गोष्टींसाठी आहे. रिंगणात पताका, हात आणि डोकी सारखी आडवी येतात, म्हणून केस दोनच्या बाजूचा चिवटपणा हवा. कबड्डीत चढाईपटू सरळ धावत नाही. झेप घेतो, थबकतो, उलटा फिरतो. तिथे केस चार.

चिवटपणाचीही किंमत असते. पताकेआड गेलेला घोडा पताकेपलीकडून बाहेर आला तर हरकत नाही. पण पहिला फोकसच चुकून मागच्या गर्दीवर बसला असेल, तर चिवट कॅमेरा त्या गर्दीला सोडत नाही आणि घोडा समोरून निघून जातो. अशा वेळी अंगठा उचलून पुन्हा दाबायचा. सतत दाबून धरण्यापेक्षा मधूनमधून सोडून पुन्हा धरणं अनेकदा जास्त उपयोगी पडतं.

घोड्याची वाट ठरलेली असते, पक्ष्याची नसते असं आपण म्हणतो. भिगवणला गेलं की ते पुरतं खरं नाही हे कळतं. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी तिथे उथळ पसरलेलं आहे आणि हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, सुरय, धीवर यांची दाटी असते. नावाडी पक्ष्यांजवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलतात, आणि नाव कुठे थांबवावी हे त्यांना छायाचित्रकारांपेक्षा चांगलं कळतं, कारण ते वाऱ्याकडे पाहतात. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतो. वारा आपल्या पाठीवर असेल तर उडणारा पक्षी आपल्या दिशेने येणार. वारा तोंडावर असेल तर त्याची शेपूटच दिसणार. ऊनही पाठीशी असेल तर जागा उत्तम. म्हणजे फोकसचा निम्मा निर्णय नाव थांबते तिथेच होऊन जातो.

मोठ्या पक्ष्यांकडून आगाऊ सूचनाही मिळते. रोहिताला जड अंग उचलायला पाण्यावर धाव घ्यावी लागते. ती पहिली पावलं दिसताच फोकस सुरू केला तर तो हवेत जाईपर्यंत कॅमेऱ्याच्या हाती पुरेशा मोजण्या आलेल्या असतात. कवड्या धीवर सूर मारण्याआधी पाण्यावर एका जागी फडफडत राहतो. तेव्हा त्याचं अंतर बदलत नाही, त्यामुळे फोकस नीट बसवून घेण्याची ती वेळ आहे. नदी सुरय मात्र वळतो, गिरकी घेतो, तिरका घसरतो आणि कॅमेऱ्याच्या अंदाजाला चकवतो. त्याच्यासाठी अंदाजावर फार विसंबू नये. बिंदूंची संख्या वाढवावी आणि तो मोकळ्या आभाळासमोर येईल अशा वेळेची वाट पाहावी. आभाळ कोरं असतं, त्यात पकडण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे मोठा झोनही पक्ष्यालाच धरतो. तोच सुरय खाली येऊन पाणवनस्पतींच्या हिरव्या गर्दीसमोर गेला की मोठा झोन लगेच त्या पानांवर जातो. भिगवणला एकाच पक्ष्याच्या एकाच फेरीत दोन एरिया लागू शकतात. म्हणून सरावलेले पक्षिछायाचित्रकार दोन बटणांना दोन एरिया देऊन ठेवतात.

आणखी दोन लहान गोष्टी. लेन्स अगदी जवळच्या अंतरावर राहिली असेल तर पक्षी चौकटीत असूनही धुक्यासारखा विरून जातो आणि कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. आधी पक्ष्याच्या साधारण अंतरावर, एखाद्या काठीवर किंवा खडकावर फोकस आणून ठेवावा आणि लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर ते लांबच्या टप्प्यावर करावं. दुसरी गोष्ट उन्हाची. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. लांबचे पक्षी मग कोणत्याही मोडमध्ये कोरीव येत नाहीत. तेव्हा सेटिंग बदलत बसू नये. सकाळी लवकर जावं, नाहीतर अंतर कमी होईल तेव्हाच चित्र घ्यावं.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याच्या वर एक नवी गोष्ट आली आहे. २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये मुख्य सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून त्यांतूनच फेज डिटेक्शन साधलं गेलं. २०१७ चा सोनी ए९ ६९३ बिंदूंवर, सेकंदाला २० चित्रं घेत, चित्रांच्या मधे व्ह्यूफाइंडर काळा न करता मोजत राहू लागला. मग डोळा ओळखणं आलं, आधी माणसाचा, मग कुत्र्या-मांजरांचा, मग पक्ष्यांचा. २०२१ चा निकॉन झेड९ नऊ प्रकारचे विषय ओळखतो. कॅननने २०२२ च्या आर६ मार्क टू मध्ये प्राण्यांच्या यादीत घोडाही घातला. ज्यांना एक बिंदू उडत्या पक्ष्यावर ठेवणं वयामुळे जड जात होतं, अशा अनेकांना या यंत्रणेने छंद परत दिला, आणि याचा मला मनापासून आनंद आहे.

पण रिंगणात ही यंत्रणा वेगळ्याच पेचात सापडते. तिला माणसाचा चेहरा शोधायला सांगितलं, तर तिथे शेकडो चेहरे असतात आणि ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते. माउलींच्या अश्वावर तर स्वारच नाही, म्हणजे त्याच्यासाठी माणूस शोधणारा मोड बिनकामाचा. प्राणी शोधायला सांगितलं तर ती घोड्याचं तोंड झटकन पकडते. पण दोन घोडे मागे-पुढे असतात तेव्हा कोणता हवा, हे तिला कळत नाही. ते बिंदू ठेवूनच सांगावं लागतं. रोहितांच्या थव्याचंही तसंच. पन्नास डोळ्यांतला हवा तो कोणता? तिथे मी ओळख बंद करून पुढच्या पक्ष्यावर लहान क्षेत्र ठेवणं पसंत करतो. २०२४ मध्ये कॅननने आर१ आणि आर५ मार्क टू मध्ये फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल या खेळांमधली हालचाल ओळखून चेंडूशी खेळणाऱ्या खेळाडूकडे फोकस नेणारी व्यवस्था दिली. कबड्डी आणि खो-खो त्या यादीत नाहीत. आपल्या मैदानांवर अजून तरी हे काम छायाचित्रकारालाच करावं लागेल, आणि खेळ ज्याला कळतो तोच ते नीट करील.

जुना कॅमेरा असलेल्यांनी यामुळे हिरमुसू नये. निकॉन डी३५०० ला ११ फोकस बिंदू आहेत, कॅनन १५००डी ला ९. दोन्हींत मधला बिंदू क्रॉस टाइपचा, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही कडा पकडणारा आहे. बाकीचे त्या मानाने दुबळे. अशा कॅमेऱ्यावर मधला बिंदू, कंटिन्युअस मोड आणि चौकटीत थोडी जास्त मोकळी जागा ठेवून नंतर कापणं, हा सरळ मार्ग आहे. एफ २.८ ची लेन्स नसेल तर डेप्थ ऑफ फील्ड आपोआप वाढते आणि फोकसची लहानसहान चूक पोटात घेते. सरावाला भिगवणलाच जायला हवं असंही नाही. घराच्या गच्चीवरून पारवे आणि घारी मिळतात. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की समोरून येणाऱ्या दुचाक्या मिळतात. त्या अंगावर येत असताना हेडलाइटवर बिंदू टिकवायचा आणि किती जवळ आल्यावर फोकस सुटतो ते पाहायचं. आपल्या लेन्सची मर्यादा यातून नेमकी कळते आणि रिंगणात कुठे उभं राहायचं ते ठरवता येतं.

सराव झाला की चित्रं घरी मोठ्या पडद्यावर पाहावीत, आणि वाईट चित्रं पुसण्याआधी पाहावीत. बिघडलेल्या चित्राचं कारण त्याच चित्रात असतं. चौकटीत दुसरं काहीतरी, मागचं गवत किंवा पुढची पताका, स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कुठेच काही स्पष्ट नसेल आणि सगळ्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या असतील तर फोकसला दोष नाही. शटरचा वेग कमी पडला किंवा हात हलला. उडणाऱ्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोनहजारावा भाग ही चांगली सुरुवात आहे, दौडत्या घोड्यासाठी हजारावा. लागोपाठच्या मालिकेत पहिलं चित्र सॉफ्ट आणि पुढची चांगली असतील, तर कॅमेऱ्याला मोजायला वेळ न देता बटण दाबलं गेलं. आधीची चांगली आणि शेवटची सॉफ्ट असतील, तर गोष्ट लेन्सच्या ताकदीपलीकडे जवळ आली. मधलीच एक-दोन बिघडली असतील तर काहीतरी आडवं गेलं आणि कॅमेरा त्याच्यामागे गेला. सेन्सिटिव्हिटी आणखी चिवट करून पाहावी. आणि डीएसएलआरवर स्थिर गोष्टीसुद्धा दर वेळी थोड्या मागेच फोकस होत असतील, तर कॅमेरा आणि लेन्सचा मेळ बसवून घ्यायला हवा. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ ही मोफत सॉफ्टवेअर त्या त्या क्षणी कोणता फोकस बिंदू वापरात होता ते चित्रावरच दाखवतात. तो बिंदू घोड्यावर होता की घोड्यामागच्या फेट्यावर, एवढं पाहिलं की पुढच्या वेळी एरिया बदलायचा, सेन्सिटिव्हिटी बदलायची की उभं राहायची जागा, ते ठरवता येतं.